उद्ध्वस्त भुसावळात डाव मांडताना

टेबलाभोवती चार-पाच जण, कागद, पेन्सिली, फासे. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. आपलं पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतो. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नं हा प्रकार रुजवला. १९८४च्या ‘ट्वायलाइट : २०००’मध्ये तिसऱ्या महायुद्धानंतरचा पोलंड आला, तर २०१४च्या ‘म्युटंट : इयर झिरो’नं लंडन-न्यूयॉर्कचे मोडके नकाशेच पुस्तकात दिले.

मग भुसावळ का नको?

खरं शहर घेतलं की सूत्रधाराचं निम्मं वर्णन वाचतं; गल्ल्या खेळाडूंना पाठच असतात. पण नुसत्या पडक्या भिंती दाखवून भागत नाही. आधी काय बंद पडलं, हे ठरवावं लागतं. इथं उत्तर उघड आहे : रेल्वे. मुंबई, नागपूर आणि इटारसीकडचे मार्ग भुसावळला मिळतात. यार्डात अडकलेली धान्याची मालगाडी कुणाची, यावरच पहिलं भांडण पेटेल. कोळसा आला नाही की दीपनगरचं वीज केंद्र थंड. वरच्या अंगाला तापीवर हतनूर धरण, त्याला ४१ दरवाजे. वीज नसताना भर पावसाळ्यात ते उघडणार कोण? वरणगावची आयुध निर्माणी ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी तर सगळेच गोडीनं बोलतील.

केळी मात्र तेव्हाही असतील, फक्त ती दिल्लीला जाणार नाहीत.