उतारूंची बाजू

रायपूरहून धमतरीकडे जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी १९०० साली सुरू झाली, आणि त्यानंतर शतकाहून अधिक काळ भाजीच्या टोपल्या, शाळकरी मुले, कचेऱ्यांतले कारकून आणि आठवड्याच्या बाजाराला निघालेली कुटुंबे यांना तिने ज्या अल्प मोबदल्यात इकडून तिकडे नेले, त्याचे मोल ती बंद पडल्यावरच अनेकांच्या ध्यानी आले. २०१७ मध्ये रायपूर शहरातला तिचा भाग बंद झाला आणि रुळांच्या जागेवर स्थानकापासून शदाणी दरबारापर्यंत द्रुतगती मार्ग झाला. ज्याच्या पदरी स्वतःचे वाहन आहे त्याची या मार्गाने मोठी सोय झाली हे निर्विवाद. परंतु ज्याच्या पदरी ते नाही, त्याला तिकिटाच्या खिडकीऐवजी सवारी रिक्षाचा आणि खाजगी बसचा दरवाजा गाठावा लागला. ३० मार्च २०२५ रोजी मंदिर हसौदमार्गे अभनपूरपर्यंत रुंद रुळांवरून गाडी पुन्हा सुरू झाली, त्याचा आनंद मला आहेच. पण मधली वर्षे ज्यांनी पदरमोड करून काढली, त्यांचा हिशेब कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही.

प्रवासाचे भाडे म्हणजे केवळ तिकिटावर छापलेला आकडा नव्हे. रायपुरातला पंडरीचा जुना बसतळ २०२१ साली भाठागावच्या आंतरराज्यीय बसस्थानकात हलवला गेला, तेव्हा गावाहून येणाऱ्या उतारूच्या बसभाड्यात त्या स्थलांतरामुळे एका पैशाचीही भर पडली नसेल. तथापि भाठागावला उतरून शहराच्या मध्यभागी, इस्पितळात किंवा न्यायालयात पोहोचण्यासाठी त्याला रिक्षाचा जो वेगळा टप्पा करावा लागतो, तो त्याच्याच खिशातून जातो. जाताना वीस आणि येताना वीस रुपये मोजणारी एखादी मोलकरीण महिन्याचे सव्वीस दिवस कामावर जात असेल, तर दरमहा १,०४० रुपये केवळ कामावर हजर होण्यासाठीच खर्ची पडतात, ही गोष्ट तिच्या पगाराशी ताडून पाहिल्याशिवाय भाडेवाढीची कोणतीही चर्चा पुरी होत नाही.

आता हे भाडे ठरते कसे, ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ६७ व्या कलमानुसार टप्पा वाहतुकीचे दर ठरवून देण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे, आणि तो राजपत्रातील अधिसूचनेने अंमलात येतो. महाराष्ट्रात निदान ‘एस. टी.’ नावाचे एक सरकारी महामंडळ आहे, ज्याच्या आगारात जाऊन गाऱ्हाणे मांडता येते. छत्तीसगडला मात्र स्वतःचे असे राज्य परिवहन महामंडळच नाही, आणि गावोगावची वाहतूक खाजगी परवानेदारांच्या हाती आहे. डिझेल महागल्यामुळे २०२१ साली बसमालकांनी भाडेवाढीसाठी संप पुकारला. त्यांची अडचण खोटी नव्हती, आणि संघटित होण्याचा त्यांचा हक्कही मी नाकारत नाही. पण ज्या व्यवहाराला दोन बाजू आहेत, त्यात एकीपाशी संघटना, सनदी लेखापाल आणि निवेदने, तर दुसरीपाशी थांब्यावरची कुरकुर एवढेच असेल, तर अधिसूचनेच्या मसुद्यात कोणाचा शब्द उतरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

उतारू संघटित झाले तर काय घडते, याचे उदाहरण १९५३ च्या कलकत्त्याने घालून दिले. ब्रिटिश मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. भाडेवाढ प्रतिकार समिती स्थापन झाली, उतारूंनी जुनेच भाडे पुढे केले, आणि महिनाभराच्या संघर्षानंतर ती वाढ मागे घ्यावी लागली. त्या संघर्षात जाळपोळ आणि गोळीबारही झाला, हे लपवण्याचे कारण नाही. मुंबईतला अलीकडचा प्रयत्न मला अधिक शिकण्याजोगा वाटतो. ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’ या मंचाने कामगार आणि प्रवासी यांना एकत्र आणून, बस हा तोट्यातला धंदा नसून शहराची सेवा आहे, हा मुद्दा सभा-निवेदनांतून लावून धरला. पुढे ९ जुलै २०१९ पासून बेस्टचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले आणि उतारूंची संख्या भराभर वाढली. मात्र ९ मे २०२५ पासून तेच भाडे १० रुपये झाले. एकदा मिळालेली सवलत पहारा दिल्याशिवाय टिकत नाही, हे मुंबईकरांना यातून कळले.

रायपूरच्या उतारूंपुढे आज संघटित होण्याची नेमकी हीच वेळ आहे. ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत शहराला शंभर विद्युत बसगाड्या मंजूर झाल्या आहेत. या योजनेत कंत्राटदाराला मोबदला मिळतो तो धावलेल्या किलोमीटरमागे. अर्थात तिकीट किती ठेवायचे, हा निर्णय धंद्याचा न राहता सार्वजनिक होतो. मार्ग, वेळापत्रक, विद्यार्थ्यांचा पास, भाठागावच्या प्रवाशाला तेच तिकीट पुढच्या बसमध्ये चालावे ही मुभा, या मागण्या दरपत्रक छापून झाल्यावर नव्हे, तर आताच लेखी मांडायला हव्यात. १९३५ साली स्थापन झालेल्या इथल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी, तात्यापारा आणि बुढापारा येथील वस्त्यांनी, छत्तीसगढी आणि हिंदी शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून हे काम अंगावर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

असे काम या मुलखाला अपरिचित नाही. १९२० साली धमतरीजवळच्या कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून दंड लादला गेला, तेव्हा पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली गावाने तो भरण्यास नकार दिला. सरकारने गुरे जप्त करून बाजारात लिलावाला उभी केली, आणि भरल्या बाजारात एकाही माणसाने बोली लावली नाही.