सदसद्विवेकबुद्धीची किंमत

माणसाने धर्म बदलला म्हणून त्याचा वारसाहक्क बुडू नये, असा कायदा या देशात १८५० साली झाला. त्याचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु तुटलेला सोयरसंबंध आणि रस्त्यात पाठ फिरविणारा स्नेही यांविरुद्ध कोणत्या न्यायाधीशाने हुकूमनामा द्यावा? मतस्वातंत्र्याची खरी कसोटी न्यायालयात नव्हे, घराच्या ओसरीवर लागते.

या प्रश्नाशी नागपूरचा जुना संबंध आहे. प्रतापनगरापासून सीताबर्डीपर्यंतच्या आमच्या वाचकांनी तो विसरू नये. कवी नारायण वामन टिळक येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस बायबल दिले. टिळकांनी ते वाचले, आपल्या विद्वत्तेच्या कसोटीवर घासून पाहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट तुटले, पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलास घेऊन माहेरच्यांकडे राहिल्या. पुढे त्या अहमदनगरास पतीजवळ आल्या, तरी आरंभी आपले सोवळे पाळीतच होत्या, आणि टिळकांनी त्यांवर जबरी केली नाही. स्वतःच्या विचाराने जातिभेद टाकल्यावर १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. हा सर्व वृत्तांत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त निर्भीडपणे लिहिला आहे.

परधर्म स्वीकारणारा स्वदेशास मुकतो, असा एक आक्षेप आहे. टिळकांनी ख्रिस्त स्वीकारला, साहेबी स्वीकारली नाही. अभंग, भजन व कीर्तन हीच त्यांच्या उपासनेची वाणी राहिली. आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. स्वजनांचा रोष पत्करणाऱ्या या पुरुषाने परकीयांचे आश्रितपणही पत्करले नाही, हे देशाभिमान्यांनी ध्यानात घ्यावे.

लोभाने किंवा धाकाने घडणारे धर्मांतर आम्हांस मान्य नाही. परंतु जो लाभ सोडून व हाल सोसून आपल्या श्रद्धेप्रमाणे वागतो, त्याच्या मताशी आमचे मत जुळो वा न जुळो, त्याच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा कोठे उरते? १९५० पासून संविधानाच्या २५ व्या कलमाने प्रत्येकास ही मोकळीक दिली आहे. ती कागदावरून आळीत उतरविणे हे सरकारचे नव्हे, शेजाऱ्याचे काम आहे. उद्या शेजारच्या घरातील कोणी रविवारी प्रार्थनेस जाऊ लागला, तर त्याच्याशी बोलणे व देवघेव पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावी. एवढे ज्यास साधेल, त्यासच स्वतःच्या धर्माचा अभिमान शोभेल.