थंडीत डिकी अर्ध्यावरच थांबते, तेव्हा

जानेवारीत आपली काही कुटुंबं महाकालच्या दर्शनाला उज्जैनला गेली होती. मुक्काम माधव नगरला. पहाटे बटण दाबलं तर गाडीची डिकी अर्ध्यावर थांबली आणि खाली आली. सामान भरणाऱ्या ताईंचं डोकं थोडक्यात वाचलं. म्हणून हे लिहितोय.

बऱ्याच गाड्यांत डिकी तोलून धरणाऱ्या दांड्यांत गॅस दाबून भरलेला असतो. २८ अंशांवरून ८ अंशांवर आलं की तो दाब सुमारे ७ टक्के उतरतो. नवा दांडा हे सोसतो, जुना नाही सोसत.

आधी इंजिन चालू करून बटण दाबा. डिकी नीट वर गेली तर बॅटरीवर संशय घ्या, थंडीत ती सुस्तावतेच. बोटीवरचा मीटर आहेच की! रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली दाखवला तर चार्ज करा. बॅटरी काढून जोडली असेल तर डिकी हाताने पूर्ण बंद करा, पुढची रीत गाडीच्या पुस्तकात बघा.

तरीही तेच? मग डिकी हाताने अर्धी उचला आणि हात जवळच ठेवून जरा सैल सोडा. खाली येत असेल तर दांडे गेले. दोन्ही एकदम बदला. दांडा खोलायचा नाही, तापवायचा तर मुळीच नाही. तोवर डिकीला भक्कम टेकू लावल्याशिवाय खाली वाकू नका, पोरांनाही जाऊ देऊ नका.

आणि आपली खास खोड, मासळीचे क्रेट डिकीत! खारं पाणी ठिबकून कुलूप गंजतं, मग थंडीचं फक्त निमित्त. गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, सुकवा, रबराला सिलिकॉन स्प्रे मारा.