चायना ग्रास आणि पांबनच्या बायका

पाहुणे यायचे असले की आपण चायना ग्रास भिजत घालतो. उकळून विरघळवलेलं चायना ग्रास आटवलेल्या दुधात ओतलं की पुडिंग कसं छान वड्या पडण्याइतकं घट्ट होतं! पण मैत्रिणींनो, ते होतं कशापासून? समुद्रातल्या शेवाळापासून. तुमच्या पाकिटातलं कुठून आलं ते सांगता यायचं नाही. पण आपल्या देशात असलं शेवाळ तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या बायका बुड्या मारून काढतात.

रामेश्वर ज्या बेटावर आहे ना, तेच पांबन बेट. तुमच्यापैकी कितीजणी तिथे दर्शनाला जाऊन आल्या असतील. या कोळिणी मात्र यात्रेकरूंच्या नजरेला पडत नाहीत. साडीवर जुना शर्ट, डोळ्यांना पाण्यात घालायचा चष्मा, आणि खडकांनी कापू नयेत म्हणून बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या. अशा वेषात त्या दिवसातले कित्येक तास पाण्यात असतात.

1986 साली इथली 21 निर्मनुष्य बेटं आणि भोवतालचा समुद्र मिळून मन्नार आखाताचं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. हेतू चांगलाच होता. चुन्यासाठी प्रवाळ खणून नेत होते, ते थांबायलाच हवं होतं. पण पुढे बंदोबस्त कडक झाला तो शेवाळवाल्या बायकांनाही. अडवायचं, माल जप्त करायचा, दंड करायचा! ज्यांच्या आया-आज्या त्याच पाण्यात उतरत होत्या, त्या चोर ठरल्या. सीमा आखताना त्यांना विचारलं कोणी?

बायका नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी एकजूट केली आणि आपले आपणच नियम घातले. महिन्यातून 12 दिवसच बुडी मारायची, तीही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. लोखंडी पत्र्याने खरवडायचं नाही, हातानेच खुडायचं, म्हणजे शेवाळ पुन्हा फुटतं. मेथी मुळासकट उपटण्यापेक्षा खुडली की पुन्हा येते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागतं का?

उलट शेतीसाठी म्हणून बाहेरून आणलेलं एक परदेशी शेवाळ कुरुसडई बेटाच्या प्रवाळावर पसरल्याचं 2008 साली अभ्यासकांनी नोंदवलं. तेव्हा समुद्राचं नुकसान नेमकं कोणामुळे होतं, याचा विचार व्हायला नको का?

या बायकांचं मागणं साधं आहे. वनहक्क कायदा 2006 सालचा. त्यात पाण्यातल्या मासळीवरचा आणि इतर उत्पन्नावरचा परंपरागत हक्क मान्य केलेला आहे, आणि तो कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. मग तो हक्क आम्हालाही द्या, आणि नियम करताना आम्हाला बैठकीला बोलवा!

त्यांच्यातल्याच चिन्नपालम गावच्या लक्ष्मी मूर्ती यांना 2015 साली अमेरिकेतल्या सीकॉलॉजी संस्थेने बेटांच्या संरक्षणाबद्दल 10,000 डॉलरचं पारितोषिक दिलं. त्यासाठी त्या कॅलिफोर्नियाला जाऊन आल्या. ज्या बेटांपायी हा मान मिळाला, त्या बेटांजवळ परवानगीवाचून जाणं कागदावर आजही गुन्हाच आहे.