जीआय मिळाला की खिलार वाचेल?

नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुरापासून बारामतीपर्यंत कुठेही देशी गाईचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकू येतं : "इथल्या दुधा-तुपाला जीआय मिळवा, खिलार आपोआप वाचेल." यातल्या 'आपोआप'ची आता चीड येते.

वस्तुस्थिती : भौगोलिक मानांकन (जीआय) मालाच्या नावाला मिळतं, ते जनावराची जात राखण्यासाठी नाही. त्याचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदणी चेन्नईत होते. जनावरांच्या जातींची नोंद कर्नालची राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो ठेवते. दोन्ही दप्तरांचा एकमेकांशी संबंध नाही.

समजा, इथल्या तुपाला 'इंदापूरचं तूप' असं मानांकन घेतलं आणि गाय कोणती हे लिहिलंच नाही. दूध कोण पुरवेल? संकरित होल्स्टीन आणि जर्सी. खिलार मुळात ओढकामाची जात. कर्नालच्या नोंदीत तिचं अख्ख्या वेताचं दूध साधारण २४० ते ५१५ किलो आहे. नाव इंदापूरचं, पैसा संकरित गाईला, आणि खिलारीला दावणीवरून हटवायला आणखी एक कारण! मग वाचवलं कोणाला?

ही नुसती शंका नाही. इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानो चीजचं नाव जगभर राखलेलं आहे. नियमांत प्रदेश आहे, चारा आहे, गाईची जात नाही. तिथली मूळची तांबडी रेज्जाना गाय १९८० च्या दशकात हजाराच्या आत आली. ती सावरली ते १९९१ मध्ये पशुपालकांनी फक्त रेज्जानाच्या दुधाचं चीज वेगळ्या शिक्क्यानं, चढ्या भावानं विकायला घेतल्यावर. फ्रान्सच्या बोफोर चीजच्या नियमांत मात्र तारीन आणि आबोंदांस या दोनच जातींचं दूध चालतं. फरक मानांकनात नाही, नियमावलीत आहे.

आपल्याकडे २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला मानांकन मिळालं. तिथे जात आणि जिल्हा दोन्ही नावातच आहेत. म्हणूनच इंदापुरात वाढवलेला कडकनाथ 'झाबुआ कडकनाथ' म्हणून विकता येत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

"जीआय मिळाला की सरकार भाव देतं." नाही. कायदा नावाचं रक्षण करतो. भाव गिऱ्हाईक देतं.

"एकदा मिळाला की कायमचा." नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करावं लागतं.

"एखादी कंपनी तो विकत घेईल." मानांकन विकता किंवा गहाण टाकता येत नाही.

"दुधावर ए-टू लिहिलं की देशी जात राखली." म्हशीचं दूधही ए-टूच असतं. त्या शब्दातून जात कळत नाही.

"गीर पाळली तरी देशी गोवंश वाचतोच." गीर वाचते, ती गुजरातची. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या महाराष्ट्राच्या जाती वेगळ्या. एकीच्या पाळण्यानं दुसरी टिकत नाही.

खिलारीचा खरा बाजार आजही बैलाचा आहे. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, त्यामुळे खोंडाला मागणी राहील. गाईला जोड उत्पन्न म्हणून मानांकित तूप जरूर असावं. पण अर्जावर सही करण्याआधी तीन गोष्टी मागा : नियमावलीत 'फक्त खिलार गाईचं दूध' हे शब्द, प्रत्येक गाईच्या कानात बिल्ला, आणि खिलारीचं दूध इतर दुधात न मिसळता वेगळं गोळा करण्याची सोय. एवढं नसेल, तर तो अर्ज तुपाचा आहे. खिलारीच्या नावानं तो खपवू नये.