निवृत्तीनंतरचं काम आधीच रुजवा

महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १९१६मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा त्यांचं वय ५८ होतं. आज याच वयात राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी सेवानिवृत्त होतात. कर्वे १०४ वर्षं जगले आणि सत्तरीनंतरही नवी कामं उभी करत राहिले. पण विद्यापीठाचं बी निवृत्तीनंतर पडलेलं नव्हतं. अनाथ बालिकाश्रम त्यांनी १८९६मध्ये, नोकरीत असतानाच काढला होता.

आपण ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन, मेडिक्लेम यांचा हिशेब चोख मांडतो. दिवस कसा घालवायचा, याचा विचार मात्र निरोप समारंभ उरकल्यावर सुरू होतो. नोकरीतून पगाराखेरीज बरंच काही मिळत असतं: दिवसाला शिस्त, बोलायला माणसं आणि आपलं कुणाला तरी काम आहे ही जाणीव. हे सगळं एका दिवसात थांबतं. त्याची सोय बँक करू शकत नाही.

पहिली सोय शरीराची. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. आपल्याकडे सकाळचं फिरणं होतं, पण हे बाकीचे दोन व्यायाम राहून जातात. म्हातारपणी पडून हाड मोडलं, की माणसाचं स्वावलंबनच जाऊ शकतं. डिमेन्शियाबद्दलच्या लॅन्सेट आयोगाने २०२४मध्ये टाळता येण्याजोग्या १४ जोखमी सांगितल्या. त्यांत बहिरेपण, उपचार न केलेली अधू नजर आणि एकटेपणाही आहे. तेव्हा कानाचं यंत्र लावायला लाजू नका, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका.

दुसरी सोय घरातली. गृहिणीला निवृत्ती नसते. नवरा दिवसभर घरी राहू लागला, की तिचं काम वाढतं. सकाळचा चहा, भाजी आणणं, निवडणं, एक वेळचा स्वयंपाक ही कामं वाटून घेतली, तर दोघांनाही मोकळा वेळ मिळेल.

तिसरी सोय कामाची. गावचं ग्रंथालय, शाळेतल्या मुलांचं गणित, ज्येष्ठ नागरिक संघ, अर्धवट सुटलेली पेटी: जे मनापासून आवडतं, त्यातलं एकच निवडा. निवृत्तीला दोन-तीन वर्षं असतानाच आठवड्यातला एक दिवस त्याला द्या. ते जमत नसेल तर बदलायला तेव्हा वेळ असतो, आणि तिथली माणसंही ओळखीची होतात.

तुमच्या निवृत्तीची तारीख ठरलेली आहे. येत्या रविवारपासून सुरुवात करा.