अण्वस्त्रांचा प्रसार : दोन्ही बाजू मुलांना कशा सांगाल?



६ ऑगस्टला शाळेत हिरोशिमा दिनाची माहिती सांगितली की एखादं मूल हमखास विचारतं, "एवढा वाईट बॉम्ब आहे, तर मग आपल्या देशानं का बनवला?" प्रश्न अगदी रास्त आहे. "देशाच्या रक्षणासाठी" एवढ्या एका ओळीत त्याचं उत्तर संपत नाही.

प्रसार म्हणजे काय?
अण्वस्त्रं नवनव्या देशांकडे जाणं म्हणजे अण्वस्त्रप्रसार. तो रोखण्यासाठी १९६८ मध्ये एक करार झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट करणाऱ्या पाच देशांना त्यात अण्वस्त्रधारी मानलं आणि बाकीच्यांनी ती बनवू नयेत असं ठरलं. भारतानं या करारावर सही केली नाही. आज नऊ देशांकडे अण्वस्त्रं आहेत असं मानलं जातं.

आपल्या महाराष्ट्राचा संबंध
मुंबईजवळ ट्रॉम्बे इथं ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. पुढे तिथंच कॅनडाच्या मदतीनं 'सायरस' उभी राहिली. शांततेच्या कामासाठी मिळालेल्या या भट्टीतलं प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरलं गेलं. कॅनडानं मदत बंद केली. तारापूरच्या वीज केंद्राला इंधन देणारी अमेरिकाही पुढे मागे हटली. वीज आणि बॉम्ब यांचं ज्ञान किती जवळजवळ आहे, हे यावरून कळतं.

बाजूने मुद्दे
१. धाक : उलट मार बसेल या भीतीनं शत्रू हल्ला टाळतो. अण्वस्त्रधारी देश वाढले तर युद्धं कमी होतील, असं अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ म्हणत.
२. समानता : पाच देशांना मुभा आणि इतरांना बंदी, हा न्याय कसा? हा भारताचा जुना आक्षेप आहे.
३. शेजार : चीननं १९६४ मध्येच चाचणी केली होती.

विरोधात मुद्दे
१. स्पर्धा : भारतानं मे १९९८ मध्ये चाचण्या केल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननंही केल्या. तरीही १९९९ मध्ये कारगिल घडलंच. मात्र ते युद्ध मर्यादित राहिलं, याचं श्रेय काही जण धाकालाच देतात.
२. चूक : मार्च २०२२ मध्ये आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती म्हणून निभावलं. जितके देश जास्त, तितक्या चुकीच्या जागा जास्त.
३. परिणाम : हिरोशिमात १९४५ अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. त्यात शाळकरी मुलंही होती.

परतीची वाट आहे का?
आहे. दक्षिण आफ्रिकेनं स्वतः बनवलेली अण्वस्त्रं स्वतःच मोडली. युक्रेननंही आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं रशियाला दिली. पण पुढे रशियानंच त्याच्यावर हल्ला केला. त्यामुळे दोन्ही बाजू हेच उदाहरण आपापल्या परीनं वापरतात.

माझ्या मते धाकाचा मुद्दा खोटा नाही, पण तो कोणीही कधीच चुकणार नाही या भरवशावर उभा आहे. म्हणून प्रसार थांबायला हवा आणि आधीच्या धारकांनीही साठा कमी करायला हवा.

वर्गासाठी उपक्रम : वर्गाचे दोन गट करा. एकदा वाद झाला की गटांच्या बाजू बदला. आधी खोडलेला मुद्दा आता स्वतः मांडावा लागला की मुलं घोषणा सोडून कारणं शोधायला लागतात. घरी पालकांनीही हे करून पाहावं.